मिश्री, ब्रश आणि व्हॉइस मेसेज : बेळगाव सीमाभागातल्या प्रकल्प नोंदी

हे काम बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, उचगाव, तुरमुरी, कुद्रेमानी या पट्ट्यात चाललंय. पलीकडे लगेच चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. मोठ्या माणसांच्या, त्यातही तिशी ओलांडलेल्या बायकांच्या, दात-हिरड्यांच्या सवयी मोबाईलच्या मदतीने बदलता येतात का, ते करून बघायचं होतं. मी गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवते. माझी नणंद दातांची डॉक्टर आहे, तिचा दवाखाना शहापुरात. वैद्यकीय बाजू सगळी तिची, फोनची बाजू माझी. खानापूर, निपाणी किंवा चंदगडकडे कुणी असंच काही करणार असेल तर आमचा वाया गेलेला वेळ त्यांचा वाचावा, म्हणून या नोंदी ठेवल्या.

9 जून 2024

सुरुवात एका मोफत टायमर ॲपने. बटण दाबलं की दोन मिनिटं संगीत वाजतं. तोंडाचे चार भाग, प्रत्येकाला तीस सेकंद. दर तीस सेकंदांनी सूर बदलतो. दुकानात गृहलक्ष्मीच्या (कर्नाटक सरकारची, घरच्या कर्त्या बाईला महिना दोन हजार देणारी योजना) कामासाठी आलेल्या बायकांच्या फोनवर विचारून ते टाकून दिलं. एकीला शिकवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. सगळ्या उत्साहाने शिकल्या.

23 जून

ॲप बंद. उघडून बघितलेले फोन हातावर मोजण्याएवढे.

कारणं विचारली. आमच्याकडे दात मागच्या दारी, न्हाणीच्या दगडावर, नाहीतर बंबाला जाळ घालता घालता घासले जातात. तिथं फोन नसतो, आणि ओल्या हाताने कुणी तो धरत नाही. त्यातून फोन बाईच्या नावावर असला तरी सकाळी तो मुलाबरोबर उद्यमबागेत पहिल्या पाळीला गेलेला असतो. ॲपमधल्या जाहिराती इंग्रजीत. एका काकूंनी चुकून जाहिरातीवर बोट लावलं आणि भलतंच काहीतरी उघडलं, तेव्हापासून त्या फोनला हात लावायला घाबरायच्या.

मग एक वही केली. प्रत्येक नंबरापुढे पाच रकाने : फोन कुणाचा, घरात किती वाजता असतो, नेट चालू असतं की बंद, वाचता येतं का, ऐकायला एकांत मिळतो का. पुढच्या सगळ्या महिन्यांत सर्वांत उपयोगी पडली ती ही वही. कुठलंही ॲप निवडण्याआधी हे लिहून काढा. आमचे दोन आठवडे वाचले असते.

30 जून

एसएमएसचा विचार केला, कारण साध्या बटणाच्या फोनवरही तो जातो. तीन अडचणी आल्या.

एक, देवनागरीत एका एसएमएसमध्ये 70 चिन्हं बसतात, रोमन लिपीत 160. आणि काना-मात्रा वेगळं चिन्ह म्हणून मोजली जाते : ‘दात’ या शब्दाची तीन, ‘हिरडी’ची पाच. सत्तर चिन्हांत एक धड वाक्य होतं न होतं. मजकूर वाढला की त्याचे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे.

दोन, एकगठ्ठा संदेश पाठवायचे तर डीएलटी नोंदणी, म्हणजे असे संदेश पाठवणाऱ्यांची दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी, लागते. आधी संस्थेची, मग पाठवणाऱ्याच्या नावाची, मग प्रत्येक मजकुराच्या साच्याची मंजुरी. फी पाच-सहा हजारांच्या घरात. आमचा सगळा खर्च त्याहून फार मोठा नसणार होता.

तीन, बायका एसएमएसची पेटी उघडतात ती दोन हजार जमा झाले का हे बघायला. बाकी सगळे बँकेचे आणि कंपनीचे, कन्नड किंवा इंग्रजी. त्या गर्दीत आमचा मजकूर कुणी शोधला नसता. हा मार्ग सोडला.

14 जुलै

व्हॉट्सॲपवर आलो. ग्रुप करायचा नाही हे नणंदेने आधीच सांगितलं होतं. दातांचं दुखणं सगळ्यांसमोर कुणी लिहीत नाही, आणि सकाळी पाचपन्नास फुलांच्या फोटोंखाली कामाचं गाडलं जातं. म्हणून ब्रॉडकास्ट यादी केली. एका यादीत 256 जण बसतात, प्रत्येकीला संदेश वेगळा मिळतो, उत्तर फक्त आपल्यालाच येतं.

पाठवले, आणि बहुतेकांपुढे एकच टिक. पाऊस, लाईट गेलेली, सगळी रोपलावणीच्या चिखलात, म्हणून असेल असं वाटलं. आठवडा तसाच गेला. खरं कारण वेगळं होतं : समोरच्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह नसेल तर ब्रॉडकास्ट पोचतच नाही. मी त्यांचे नंबर घेतले होते, माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता.

आता नाव नोंदवायला आलेल्या बाईच्या फोनमध्ये तिथल्या तिथे आमचा नंबर सेव्ह करून देते आणि तिच्याकडून एक रिकामा ‘हो’ पाठवून घेते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रोफाइलला दाताचं मोठं चित्र लावलं. त्या चित्रावरून ओळखतात.

28 जुलै

ही नोंद लांबणार आहे, कारण सगळं काम इथून फिरलं.

जूनच्या शेवटी गूगल फॉर्मवर एक छोटी पाहणी केली होती. मी विचारायचं, बायकांनी सांगायचं, मी भरायचं. पहिला प्रश्न : दिवसातून किती वेळा दात घासता? उत्तरं इतकी चांगली आली की आम्ही चक्रावलो. बहुतेकींनी दोनदा सांगितलं, बऱ्याच जणींनी तीनदा, काहींनी चारदा. नणंद म्हणाली, “वहिनी, हे खरं असेल तर मला दवाखाना बंद करावा लागेल.” तिच्याकडे याच गावांतून हलणारे दात आणि खाली सरकलेल्या हिरड्या घेऊन लोक येत होते.

पावसाने अडकलेल्या तिघी-चौघी दुकानात बसल्या होत्या. मी सहज विचारलं, तीनदा वेळ कसा मिळतो गं? एका आक्कांनी कमरेची पिशवी सोडून छोटी डबी काढली. “सकाळी उठल्या उठल्या, दुपारी जेवल्यावर, आणि तिन्हीसांजेला च्याच्या आधी. घासतो की तीनदा!” डबीत मिश्री.

बाहेरच्या वाचकांसाठी : तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, कुटून पूड करायची आणि बोटाने दात-हिरड्यांवर घासायची. कुठे तिला मशेरी म्हणतात. काही घरांत तिच्याजागी तपकीर लावतात. ती लावून बाई दहा-पंधरा मिनिटं तशीच बसते, तेवढ्यात निकोटिन हिरडीतून रक्तात जातं. बाजारच्या टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून देशात बंदी आहे, पण घरच्या तव्याला ती कशी लागू होणार?

म्हणजे दीड महिना आम्ही “सकाळ-संध्याकाळ दात घासा” असं सांगत होतो, आणि ऐकणारीला वाटत होतं, हे तर मी करतेच, ही बाई मला शाबासकी देतेय. एक-दोघींनी तर आमचा संदेश आल्यावर रात्रीची एक वेळ वाढवली. हे ऐकून नणंद बराच वेळ काही बोलली नाही.

फॉर्ममध्ये “तंबाखू खाता का?” असाही प्रश्न होता. त्याला सगळ्यांचं उत्तर नाही. आणि ते प्रामाणिक होतं, मिश्री कुणी खात नाही.

नवा फॉर्म वस्तूंवरून केला. सकाळी पहिल्यांदा तोंडात काय जातं? पेस्ट, लाल मंजन, राख, मीठ, मिश्री, तपकीर. दुपारी काय? झोपण्याआधी काय? फोनवर प्रत्येकाचा फोटो दाखवायचा आणि बोट ठेवायला सांगायचं. यात लपवाछपवी जवळजवळ संपली.

11 ऑगस्ट

आराखडा मुळापासून बदलला. पहिला विषय आता मिश्री. ब्रश तिच्या जागी यायला हवा, तिच्या शेजारी नाही.

तंबाखूच्या पाकिटांवर 2018 पासून सोडण्यासाठीचा टोल-फ्री नंबर छापलेला असतो, 1800-11-2356. आमच्यापैकी एकीनेही तो पाहिलेला नव्हता. बायका आठवडी बाजारात सुटं पान घेतात, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेलं. त्यावर ना चित्र, ना नंबर, ना इशारा. देशाच्या 2016-17 च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात धूर न काढता तंबाखू घेणाऱ्या बायका 12.8 टक्के होत्या. एवढ्या बायकांपैकी पाकीट न बघता कागदाची पुडी उघडणाऱ्या किती असतील, याचा विचार करून फार वाईट वाटलं. तो नंबर मी दुकानाच्या काउंटरवर मोठ्या अक्षरांत लावला, आणि घरून बोलता येत नसेल तर माझ्या मागच्या खोलीतून बोला असं सांगून ठेवलं. दोघी-तिघी बोलल्याही.

25 ऑगस्ट

लिखाण बंद, आता फक्त आवाज.

पहिला व्हॉइस मेसेज नणंदेच्या आवाजात, पावणेदोन मिनिटांचा. वैद्यकीयदृष्ट्या एक शब्द इकडेतिकडे नाही. व्हॉट्सॲपवर समोरच्याने आवाज ऐकला की माईकचं चिन्ह निळं होतं, आणि मेसेज दाबून धरून माहिती उघडली की कुणी ऐकलं त्यांची नावं दिसतात. निळी टिक लोक बंद ठेवू शकतात, हा निळा माईक बंद करता येत नाही. आमच्यासाठी हे फुकटचं मोजमाप झालं. नावं थोडी होती, आणि ज्यांनी ऐकलं त्यांनाही शेवट आठवत नव्हता.

दुसऱ्यांदा गावातल्या एका मावशींना बोलवलं. भजनात त्यांचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, आणि मिश्री सोडून त्यांना काही वर्षं झालीत. कॉलर माईक घेतला, सहाशे रुपये, कारण फोनच्या माईकवर पत्र्यावरचा पाऊसच जास्त ऐकू यायचा. मावशींना कागद दिला की आवाज ताठ व्हायचा. शेवटी कागद काढून घेतला आणि म्हटलं, समोर तुमची धाकटी बहीण बसलीय असं समजून सांगा. चाळीस सेकंदांत झालं.

सर्वांत जास्त ऐकला गेलेला मेसेज असा :

“आक्का, जेवणं झाली, भांडी झाली न्हवं? आता दोन मिनिटं दाताला दे. ब्रश मऊ घे, वाटाण्याएवढी पेस्ट लाव. दात आणि हिरडी मिळतात तिथं ब्रश तिरका धर आणि हळू हळू हलव, भांडं घासल्यागत जोर लावू नको. आतल्या बाजूनं पण. झालं की थुंक, पण चूळ भरू नको. पेस्टीतलं औषध रात्रभर दाताला लागू दे. आता पाण्याबिगर तोंडात काय घालू नको. झोप जा.”

“चूळ भरू नको” यावर मात्र सगळ्यात जास्त प्रश्न आले. पेस्ट तोंडात ठेवायची हे अनेकींना घाण वाटतं, आणि त्यांची समजूत मला चूक म्हणावीशी वाटत नाही. पिढ्यान् पिढ्या खळखळून चूळ भरणं म्हणजेच स्वच्छता. नणंदेने मध्यम मार्ग दिला : पाच-सहा वेळा नीट थुंका. तेवढं बहुतेकींनी मानलं.

1 सप्टेंबर

नवीच अडचण. मेसेज लावला की तो स्पीकरवर मोठ्याने वाजतो. मिश्रीवरचा मेसेज एका घरात सासऱ्यांसमोर वाजला आणि त्या सुनेने दुसऱ्या दिवशी नंबर काढायला सांगितला. बऱ्याच घरांत मिश्री हे बायकांचं आपापसातलं गुपित आहे.

उपाय सोपा निघाला. व्हॉइस मेसेज चालू करून फोन कानाला लावला की आवाज स्पीकरवरून कानाच्या बाजूला येतो, कॉलसारखा. हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आता नाव नोंदवताना प्रत्येकीला हे करून दाखवते. शिवाय मिश्रीच्या मेसेजची सुरुवात “आक्का, फोन कानाला लाव” अशीच केली.

पाठवण्याची वेळही ठरली : रात्री नऊनंतर. तेव्हा मुलाचा फोन घरात असतो, भांडी झालेली असतात. सकाळी सहाचा मेसेज म्हैस, पाणी आणि डब्याच्या गडबडीत जातो.

15 सप्टेंबर

गणपती. पुरुषांसाठी आम्ही काहीच केलं नव्हतं, आणि इथे उद्यमबागेत फाउंड्रीवर जाणारी निम्मी पोरं मावा किंवा पुडी खातात. कर्नाटकात 2013 पासून गुटख्यावर बंदी आहे. पण पान मसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळते, दोन्ही हातावर एकत्र केल्या की झालं.

मंडळाच्या स्क्रीनवर आरतीनंतर मिनिटभराचा व्हिडिओ लावला : आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. नाही गेली तर दाखवून घ्या. सुपारीने गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं, त्याची ही घरच्या घरी करायची ओळख आहे. मंडपात सगळे एकमेकांना तोंड उघडायला लावत होते. हसत होते. मग दोघा-तिघांचं हसू थांबलं.

आम्ही एवढाच विचार केला होता. व्हिडिओ दाखवायचा, पण ज्याची बोटं जात नाहीत त्याने उद्या कुणाकडे जायचं, हे ठरवलं नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी नणंद मंडपात येऊन बसली आणि शहरातल्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीसाठी चिठ्ठ्या दिल्या. कुणी असा व्हिडिओ दाखवणार असेल तर डॉक्टर आधी बसवा, व्हिडिओ नंतर लावा. भीती घालून माणसाला घरी पाठवणं योग्य नाही.

6 ऑक्टोबर

घटस्थापनेला, 3 तारखेला, तीसेक जणींनी मिश्री सोडायला एकत्र सुरुवात केली. दिवस त्यांनीच निवडला. नऊ दिवस काही ना काही पाळायचंच असतं, त्यात हे बसलं.

एकदम सोडायचं की कमी करत जायचं, यावर आमच्या दोघींत वाद झाला. मला एकदम हवं होतं. नणंद म्हणाली, ज्यांना जमेल त्यांनी एकदम, बाकीच्यांनी आधी दुपारची वेळ सोडावी, मग संध्याकाळची, सकाळची शेवटी. तसं केलं. तिचं बरोबर होतं : सकाळची वेळ सर्वांत चिवट असते.

नोंदीसाठी फोनवर काही भरायला लावलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात ब्रशसाठी एक रेघ, मिश्री लावली तर एक टिंब. महिनाअखेरीला कॅलेंडरचा फोटो मला पाठवायचा. टिंब म्हणजे काय हे घरात कुणाला कळत नाही, आणि लिहिता न येणारीलाही ते जमतं.

13 ऑक्टोबर

चौथ्या-पाचव्या दिवसापासून फोन सुरू झाले. ब्रश लावला की रक्त येतंय. मिश्रीने कधी आलं नाही, ब्रशनेच हिरडी फाटली. काहींनी ब्रश टाकला आणि डबी पुन्हा काढली.

रक्त येतं ते सुजलेल्या हिरडीतून. सूज आधीपासूनच असते, ब्रश तिला फक्त लागतो. मऊ ब्रशने रोज नीट साफ केलं तर बहुतेकींचं रक्त आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतं. न थांबल्यास डॉक्टर. हे आम्हाला माहीत होतं, पण रक्त आल्यावर सांगून उपयोग नव्हता. ते ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

मावशींकडून त्याच रात्री नवा मेसेज करून घेतला : “उद्या-परवा रक्त दिसंल, भिऊ नको, मलाबी आलं होतं.” तो आता तिसऱ्या दिवशी जातो, रक्त यायच्या आधी. पुढच्या तुकडीत याच कारणाने सोडणाऱ्या कमी होतील असं वाटतं. सगळ्या मेसेजमध्ये मला हा सर्वांत मोलाचा वाटतो.

आणखी एक, ब्रश. दुकानात कडक ब्रश जास्त खपतात, कारण कडक म्हणजे चांगला साफ करणारा असा समज. मऊ ब्रश घाऊकमध्ये आणून ठेवले, अंदाजे पंधरा रुपयांना एक. एका घरात एकच ब्रश तिघी वापरत होत्या, म्हणून आता दांडीला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधून देते.

20 ऑक्टोबर

पोटाचा प्रश्न. सकाळची मिश्री न सुटण्याचं कारण दातांत नाहीच, पोटात आहे. “ती लावल्याबिगर परसाकडं होत नाही,” हे निम्म्या जणींनी सांगितलं. निकोटिनने आतडी हलतात, त्यामुळे हा त्यांचा अनुभव खोटा नाही. आमच्या एकाही मेसेजमध्ये याचा उल्लेख नव्हता.

आता सकाळच्या मिश्रीवरच्या मेसेजमध्ये दातांआधी पोट येतं : उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, रात्रीच्या जेवणात पालेभाजी आणि भाकरी, पहिले आठ-दहा दिवस जड जातील, डोकं दुखेल, चिडचिड होईल, मग उतरेल. ज्यांना आधीपासून गोळ्या चालू आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. साखरेचा आजार असलेल्या तिघींना नणंदेने वेगळं बोलवलं, कारण हिरड्यांची सूज आणि वाढलेली साखर एकमेकींना वाढवतात.

तोंडात काहीतरी हवं म्हणून दोघींनी सुपारी धरली. तीही कर्करोग करणारी आहे, लगेच थांबवली. भाजलेली बडीशेप आणि ओवा चालतो.

10 नोव्हेंबर

दिवाळी आणि सुगी. कामाला मोठा खड्डा पडला.

भातकापणीत बायका दिवसभर वाकून काम करतात, आणि दुपारी बांधावर बसल्या की डबी एकीकडून दुसरीकडे फिरते. तिथं नाही म्हणणं म्हणजे मैत्रिणींपासून वेगळं बसणं. रात्री नऊला सगळ्या झोपलेल्या. माईक निळे होत नव्हते.

मी घाबरून मेसेज वाढवले, रोज दोन. त्याने आणखी बिघडलं : नेहमी ऐकणाऱ्यांनीही थांबवलं. मग आठवड्याला फक्त दोन ठेवले, सोमवार आणि गुरुवार, आणि हळूहळू माईक पुन्हा निळे झाले. सुगीत नवीन काही सुरू करू नये. पुढच्या वर्षी या काळात आम्ही फक्त बांधावर बडीशेपेची पुडी पाठवणार आहोत.

1 डिसेंबर

निपाणीहून एका नातेवाईक बाईंनी फाइल मागितल्या. त्या तंबाखूच्या वखारीत कामाला आहेत. पाठवल्या, आणि चार दिवसांनी त्यांचा फोन आला : यातलं निम्मं आमच्या कामाचं नाही.

बरोबर होतं. “बाजारातून पान आणू नको” हे ज्या बाईच्या हाताला दिवसभर तंबाखूच लागलेली असते तिला काय सांगणार? पदरात, नखांत, डब्यात तंबाखूची धूळ. तिथं पहिला मेसेज जेवणाआधी साबणाने हात आणि चूळ भरून तोंड धुण्याचा हवा. मजुरी त्याच पानावर चालते, त्यामुळे त्या पानाला नावं ठेवून बोलणंही चालणार नाही. त्यांच्यातल्याच एकीच्या आवाजात नवीन मेसेज करायचे ठरलेत. आमच्या फाइल तिथे तशाच फिरवू नका.

शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या घरांतूनही मागणी आली. भाषांतर वाचून न दाखवता, त्यांच्यातल्या एका अक्कांना मतलब समजावला आणि त्यांना हवं तसं बोलू दिलं. पहिल्याच प्रयत्नात जमलं.

22 डिसेंबर

फोटोंचा प्रयोग बंद केला. हिरडीचा फोटो पाठवा, डॉक्टर बघून सांगतील, अशी सोय ऑक्टोबरपासून होती. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत सगळ्याच हिरड्या लाल दिसतात. त्याहून वाईट म्हणजे फोटो घरच्या फोनच्या गॅलरीत राहतो. एका मुलाने आईच्या तोंडाचा फोटो मित्रांना दाखवला. त्या बाईंची मी घरी जाऊन माफी मागितली.

आता फोटो फक्त महिन्यातल्या तपासणीच्या दिवशी, नणंदेच्या फोनवर, उन्हात, ओठ चमच्याच्या दांडीने बाजूला करून, विचारून. त्यावरून रोग ठरवत नाही. लवकर या की सवडीने या, एवढंच सांगतो. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, गिळताना दुखणं : यातलं काही असेल तर फोटोची वाट न बघता ओपीडी. कर्नाटकाच्या बसमध्ये शक्ती योजनेमुळे बायकांना तिकीट नाही, त्यामुळे “जायला पैसे नाहीत” हे कारण आता उरलं नाही. उरलेलं कारण सोबतीचं. म्हणून दोघी-दोघींच्या जोड्या करून पाठवतो.

फोनच्या कॅमेऱ्याचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी झाला. पेस्टच्या नळीवरची बारीक अक्षरं मोठी करून वाचायला. फ्लोराइड (दात किडू न देणारं औषध) आहे का आणि किती पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, हे नळीवर छापलेलं असतं. आपल्याकडे कमाल 1000 पीपीएम. साधारण तेवढा आकडा असलेली, सर्वांत स्वस्त नळी घ्या असं सांगतो. लाल मंजनात गेरूसारखी खरखरीत पूड असते, तिने दात झिजतात. कॅमेरा मोठा करून बघायचा खेळ नातवंडांना आवडला आणि आज्जींच्या नळ्या आता तेच तपासतात.

12 जानेवारी 2025

हिशेब. ब्रश आणि दोरा साधारण दोन हजार, माईक सहाशे, जास्तीचा रिचार्ज, छापलेले फोटो-कार्ड, बडीशेप. सगळं मिळून सहा हजारांच्या आत. नणंदेचा वेळ आणि माझ्या दुकानाची जागा यात धरलेली नाही, आणि खरा मोठा खर्च तोच आहे.

घटस्थापनेला सुरुवात केलेल्यांपैकी कॅलेंडरवर टिंब अजिबात नसलेल्या निम्म्याहून थोड्या कमी. दुपारची आणि संध्याकाळची सोडून फक्त सकाळची राहिलेल्या बऱ्याच. सहा-सात जणी पूर्ण परत गेल्या, त्यात दोघींच्या घरात त्या काळात मयत झालं होतं. त्यांना मी काही बोलले नाही. मावशी जाऊन बसून आल्या. रात्रीचा ब्रश मात्र बहुतेकींकडे टिकलाय, मिश्री पूर्ण न सुटलेल्यांकडेही.

पुढची तुकडी संक्रांतीनंतर, मंगळवारपासून नावं घ्यायला सुरुवात. हळदीकुंकवाला वाणात मऊ ब्रश द्यायचं महिला मंडळाने स्वतःहून ठरवलंय, फक्त रंग वेगवेगळे आणा म्हणून निरोप आलाय. पहिल्या दहा दिवसांच्या मेसेजचा क्रम पक्का झाला : पहिल्या दिवशी पोट, दुसऱ्या दिवशी ब्रश कसा धरायचा, तिसऱ्या दिवशी रक्त, पाचव्या दिवशी चिडचिड, सातव्या दिवशी बांधावर मैत्रिणींना काय सांगायचं, दहाव्या दिवशी नळी वाचणं. पुरुषांच्या यादीचा आवाज अजून सापडलेला नाही. फाउंड्रीतल्या एका आण्णांना विचारलंय, तीन बोटं न जाणाऱ्यांपैकी ते एक आहेत आणि महाविद्यालयात उपचार घेताहेत. ते रविवारी दुकानात येऊन बोलून बघतो म्हणालेत.